चौदा आणि एकवीस: आमच्या घरातल्या एका रक्ततपासणीची हकिगत

बाळाला डाऊन सिंड्रोम आहे हे अनुभवी डॉक्टरांना बहुतेक वेळा नुसतं बघूनच कळतं. आमच्या मुलीच्या बाबतीतही तसंच झालं. मग क्रोमोसोमची, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यांची, तपासणी कशाला, त्या कागदाने काय फरक पडणार, असं घरातल्या प्रत्येकाने विचारलं. मीही विचारलं. ती तपासणी झाली नसती तर माझ्याबद्दल, माझ्या आईबद्दल आणि माझ्या धाकट्या मुलाबद्दल आज मला जे माहीत आहे ते कधीच कळलं नसतं. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडे कुणाच्या हातात डॉक्टरांनी अशी चिठ्ठी दिली तर ती फाईलमध्ये तशीच पडून राहू नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आमची बाय कणकवलीच्या एका दवाखान्यात झाली. अंग अगदी सैल, डोळे बाहेरच्या बाजूला किंचित वर चढलेले, तळहातावर एकच आडवी रेघ, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत रुंद फट. बालरोगतज्ज्ञांनी मला आणि नवऱ्याला एकत्र बसवून सांगितलं. घाई केली नाही, आडपडदा ठेवला नाही, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात काही ना काही दोष असतो, म्हणून त्यांनी आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावला. बायच्या हृदयात लहानसं छिद्र निघालं, ते पुढे आपोआप बुजलं. थायरॉईड दरवर्षी तपासायचा असतो, तो आम्ही तपासतो.

घरी आल्यावर जे होतं ते झालं. बाळाला बघायला आलेल्या एका बाईने मला विचारलं, "ग्रहणात खय भायर गेल्लंस काय गो?" मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "कोणी काय एक बोला नको. माजा चेडू बरा आसा." त्या दिवसापासून त्या माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. त्याला माझी ना नव्हती, माणसाला आधार लागतो. पण रात्री बाय झोपली की माझ्या मनात एकच विचार फिरायचा: माझं काय चुकलं? पपई खाल्ली, एसटीने प्रवास केला, तापाची गोळी घेतली, एकेक दिवस मी आठवून बघायचे. त्याआधी माझं एक गर्भारपण तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. तेही आठवायचं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, 'कॅरिओटाइप', म्हणजे हीच क्रोमोसोमची तपासणी. मी म्हटलं, डॉक्टर, आता ठरलंच आहे ना? आणि माझं वय सव्वीस, हे तर मोठ्या वयाच्या बायकांच्या मुलांना होतं म्हणतात. ते म्हणाले, "वय कमी आहे म्हणूनच तपासायचं." मग त्यांनी कागदावर आकृती काढली. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत २३ जोड्या, म्हणजे ४६ क्रोमोसोम. डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचा क्रोमोसोम दोनाऐवजी तीनदा असतो. पण हा तिसरा कसा आलेला असतो, याचे प्रकार आहेत. शंभरातल्या सुमारे ९५ मुलांत तो सुटा असतो. तो बीजपेशी (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) तयार होताना झालेल्या विभाजनातल्या गफलतीमुळे येतो, आणि आईच्या वयाबरोबर त्याची शक्यता वाढते. तीन-चार मुलांत तो दुसऱ्या एखाद्या क्रोमोसोमला चिकटलेला असतो. उरलेल्या एखाद-दुसऱ्यात शरीरातल्या काही पेशी ४६ च्या आणि काही ४७ च्या, असं मिश्रण असतं. मुलाच्या चेहऱ्यावरून यातलं कुठलं आहे हे कुणालाही सांगता येत नाही. आणि चिकटलेल्या प्रकारात आई किंवा बाप स्वतः धडधाकट असूनही तो जोड बाळगून असू शकतो.

हे ऐकूनही खरं तर माझ्या डोक्यात फारसं शिरलं नाही. नवऱ्याने मात्र ठरवलं, करूया.

पहिला प्रयत्न फुकट गेला. ऐन मे महिना, आमच्याकडे आंब्याच्या पेट्या भरायची धांदल. तालुक्यातल्या एका रक्त गोळा करणाऱ्या केंद्राने बायचं रक्त घेतलं, नेहमीच्या जांभळ्या बुचाच्या नळीत भरलं आणि पाठवून दिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, पेशी वाढल्या नाहीत, नमुना पुन्हा पाठवा. एवढ्याशा बाळाला पुन्हा सुई टोचायची या विचाराने मला रडू आलं. नंतर कळलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं: या तपासणीला जिवंत पेशी लागतात. साखर, हिमोग्लोबिन यांच्यासारखं रक्तातलं काही मोजायचं नसतं, तर त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या असतात. म्हणून रक्त सोडियम हेपॅरिन असलेल्या हिरव्या बुचाच्या नळीत घ्यावं लागतं. ते गोठवायचं नाही, बर्फाला थेट टेकवायचं नाही, उन्हात गाडीत ठेवायचं नाही आणि शक्यतो एक-दोन दिवसांत पोचवायचं. शनिवारी रक्त काढून ते रविवारभर कुठल्या तरी टेबलावर पडून राहिलं तर उपयोग नाही. कोकणातून मुंबईला किंवा कोल्हापूरला नमुना पाठवणाऱ्यांनी रक्त काढण्याआधीच बुचाचा रंग विचारावा. विचारायला लाजू नये.

दुसऱ्या खेपेला आम्ही धोका पत्करला नाही. कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून बायला घेऊन मुंबईला गेलो आणि रक्त तिथल्या प्रयोगशाळेतच दिलं. तिथल्या एका तंत्रज्ञ ताईंनी, मी विचारलं म्हणून, पुढे काय होतं ते समजावून सांगितलं. ते ऐकताना बाय झाल्यापासून पहिल्यांदा मला भीतीऐवजी कुतूहल वाटलं.

क्रोमोसोम असतात पेशीच्या केंद्रकात. तांबड्या पेशींना केंद्रकच नसतं, त्यामुळे क्रोमोसोम मिळतात ते पांढऱ्या पेशींतून. पण क्रोमोसोम एरवी सुतासारखे पसरलेले असतात. ते आखूड, जाड आणि वेगवेगळे दिसतात ते फक्त पेशी विभागत असताना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तर विभागायच्या बेतात नसतात. मग त्यांना जागं करायचं. त्यासाठी वापरतात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन, आणि ते काढतात राजम्यापासून. आपल्या शरीराएवढ्या उबेत, ३७ अंशांवर, पेशी सुमारे ७२ तास वाढू द्यायच्या. मग कोल्चिसिन किंवा त्याच्याच जातीचं औषध घालायचं. क्रोमोसोमांना दोन टोकांकडे ओढून नेणारे धागे त्याने बनतच नाहीत आणि पेशी नेमकी मधल्या टप्प्यावर अडकते. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीच्या कंदातही असतं. गणपतीच्या दिवसांत कुंपणावर लाल-पिवळी फुलते ती. सासूबाई लहान मुलांना तिला हात लावू देत नाहीत, विषारी म्हणून, आणि ते बरोबरच आहे. त्याच विषाचा एक थेंब प्रयोगशाळेत असं काम करतो याचं मला अजून नवल वाटतं.

नंतर पेशी पातळ क्षारद्रावणात ठेवतात. त्या पाणी शोषून टम्म फुगतात, आणि काचपट्टीवर थेंब टाकला की क्रोमोसोम एकमेकांपासून सुटे होऊन पसरतात. ऐकायला साधी वाटणारी ही युक्ती सापडेपर्यंत माणसाचे क्रोमोसोम ४८ आहेत असंच शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९५६ मध्ये स्वीडनमध्ये टियो आणि लेव्हान यांनी ते ४६ असल्याचं दाखवलं. १९५९ मध्ये फ्रान्सच्या लेजन, गोतिए आणि त्युर्पां यांनी डाऊन सिंड्रोममध्ये एक जास्तीचा असल्याचं सिद्ध केलं. शेवटी ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य आणि गीम्सा नावाचा रंग वापरून क्रोमोसोमांवर फिकट-गडद पट्टे आणतात. प्रत्येक जोडीच्या पट्ट्यांची नक्षी वेगळी, त्यावरून क्रमांक ओळखायचा. साधारण वीस पेशी मोजतात, काहींच्या जोड्या लावतात. हे काम नजरेचं आहे, म्हणून रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात.

रिपोर्ट नवऱ्याच्या फोनवर आला तेव्हा आम्ही बागेत होतो. त्यात क्रोमोसोमांचा फोटो होता, जोड्यांत लावलेला. मी एकेक करून मोजले. सेहेचाळीस. पुन्हा मोजले. सेहेचाळीसच. मी नवऱ्याला म्हटलं, अहो, सेहेचाळीसच आहेत, काहीतरी चुकलंय, आपली बाय नॉर्मल आहे! ती अर्धी दुपार मी कुठल्या आनंदात काढली ते सांगता यायचं नाही. संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी खालची ओळ वाचायला सांगितली: '४६,एक्सएक्स,डर(१४;२१)(क्यू१०;क्यू१०),+२१'. फोटोत चौदाच्या जोडीकडे बघा म्हणाले. त्यातला एक दुसऱ्यापेक्षा लांब दिसत होता. त्याला वर एक आखूड तुकडा जोडलेला होता, आणि तो तुकडा म्हणजेच तिसरा २१. वेगळा मोजला जात नव्हता, पण होता.

पुढे मुंबईच्या जेनेटिक्सच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या की १९६० मध्ये ब्रिटनमध्ये पोलानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच, ४६ क्रोमोसोम असलेल्या एका डाऊन सिंड्रोमच्या मुलीची नोंद केली, तेव्हाच हा प्रकार जगाला कळला. बायसारखी दुसरी कुणीतरी मुलगी साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुठल्याशा शहरात होती, आणि तिच्यामुळे आज आम्हाला उत्तर मिळतंय, हे मला फार जवळचं वाटलं.

मग आमची दोघांची रक्तं. या वेळी कणकवलीतच, सोमवारी सकाळी, हिरव्या बुचाच्या नळीत. नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल. माझा: '४५,एक्सएक्स,डर(१४;२१)(क्यू१०;क्यू१०)'.

पंचेचाळीस. माझ्याकडे एक कमी आहे, आणि मी शाळेत पहिली यायचे, कबड्डी खेळायचे, आयुष्यात कधी मोठं आजारपण नाही. मॅडमनी सांगितलं ते असं. १३, १४, १५, २१ आणि २२ या क्रोमोसोमांचा एक बाहू अगदी तोकडा असतो. त्यातले दोन कधी कधी तोकडे बाहू गमावून मध्यावर एकमेकांना जोडले जातात. गमावलेल्या तुकड्यांतली माहिती इतर क्रोमोसोमांवरही असते, म्हणून माणसाला स्वतःला काहीही होत नाही. याला रॉबर्टसोनियन स्थानांतर म्हणतात, आणि हजारात साधारण एका माणसात असा कुठला तरी जोड असतो. देवगडातल्या आम्ही माणसांनी हजारो कलमं बांधली आहेत, त्यामुळे नवरा लगेच म्हणाला, "म्हणजे दोन झाडांचं एक कलम. झाड निरोगीच, पण आता दोघं एकत्रच हलणार." मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच.

अडचण येते ती बीजपेशी बनताना. सुटा १४, सुटा २१ आणि जोडलेला १४-२१ या तिघांची वाटणी दोन पेशींत करायची, आणि ती सहा प्रकारे होऊ शकते. एकात बाळ पूर्ण नॉर्मल, एकात माझ्यासारखं वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण जोड बाळगणारं, एकात डाऊन सिंड्रोम. उरलेल्या तिन्हींत काहीतरी इतकं कमी किंवा जास्त होतं की गर्भ टिकत नाही. माझं पहिलं गर्भारपण कदाचित असंच गेलं असेल. त्या गर्भाची तपासणी झाली नव्हती, म्हणून खात्रीने कुणी सांगणार नाही. जगणाऱ्या तिघांतला एक, म्हणून नुसत्या हिशेबाने दर तीन मुलांमागे एक यायला हवं. प्रत्यक्षात आई वाहक असेल तर डाऊन सिंड्रोमची शक्यता १० ते १५ टक्के दिसते, बाप वाहक असेल तर एक-दोन टक्क्यांच्या आसपासच. आणि हाच जोड २१-२१ असा असता, तर माझं जन्माला येणारं प्रत्येक मूल डाऊन सिंड्रोमचंच झालं असतं. एकाच आजाराच्या नावाखाली केवढी वेगवेगळी उत्तरं! बायचा रिपोर्ट नुसता 'डाऊन सिंड्रोम' एवढाच असता तर यातलं काही हाती लागलं नसतं. गर्भारपणात आईच्या रक्तावरून करतात ती नवी एनआयपीटी चाचणी असो की मायक्रोअरे ही डीएनएची तपासणी, २१ जास्तीचा आहे हे त्या सांगतात, पण तो सुटा की जोडलेला हे बघायला अजूनही हीच जुनी तपासणी लागते.

तिची हद्दही मॅडमनी सांगितली. सूक्ष्मदर्शकाखाली क्रोमोसोमांची संख्या आणि मोठे फेरफार दिसतात. थॅलेसिमिया, सिकलसेल यांसारखे एकाच जनुकातले दोष त्यात दिसत नाहीत. म्हणून 'क्रोमोसोम नॉर्मल' याचा अर्थ 'आनुवंशिक आजार कुठलाच नाही' असा कुणी घेऊ नये.

तो दिवस माझ्यासाठी दुहेरी होता. पपई, एसटी, ग्रहण, गोळी, सगळं एका क्षणात गळून पडलं. मी केलेलं काहीच नव्हतं. पण त्याच वेळी, 'माझ्याकडून' आलं हेही कळलं. नवऱ्याने गाडीत बसल्यावर एकदाच सांगितलं की हे गावात कुणाला सांगायची गरज नाही, आणि लपवायचीही नाही. सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे तुज्या आवशीक पण आसतला काय ह्यां?"

तेच पुढचं काम होतं. माझ्या माहेरी मालवणात आम्ही तीन भावंडं. आमच्यामध्ये आईची काही बाळंतपणं अपुरी राहिली होती, त्याबद्दल घरात कधी बोललं जायचं नाही. आईचं रक्त तपासलं, तिच्यातही तोच जोड. इतक्या वर्षांत तिने कितीतरी अंगारे लावले होते, उपास केले होते, आणि सासरचं पुष्कळ ऐकून घेतलं होतं. रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या हयगयीने नाही गेली ती." साठीच्या बाईला हे एका कागदाने सांगावं लागलं.

बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं. तिला सांगायचं की नाही यावर घरात चार दिवस वाद. वडील म्हणत होते, तिच्या सासरी कळलं तर? मी हट्ट धरला. तिला माहीत असण्याचा हक्क तिचा आहे, कुणाला सांगायचं ते ती ठरवेल. तिने नवऱ्याला सोबत नेऊन रक्त दिलं. तिचे ४६, सगळे सुटे.

दुसऱ्या मुलाचा विषय निघाला तेव्हा आमच्या दोघांत एकमत नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, जे येईल ते आपलं, तपासायचं कशाला. माझं म्हणणं, बायवर जीव आहे म्हणूनच आधी कळायला हवं. हृदयाचा मोठा दोष असेल तर बाळंतपण देवगडात करून कसं चालेल? कुणी दुसरा निर्णय घेईल, त्याला बोल लावायचा मला अधिकार नाही. अखेर आम्ही सोळा आठवडे झाल्यावर गर्भजल तपासणी करायचं ठरवलं. गर्भपाताचा थोडा धोका तिच्यात असतो, साधारण दोनशेत एक किंवा त्याहून कमी, हे सांगूनच सही घेतात. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार आणखीही फॉर्म भरावे लागतात, आणि रिपोर्टमध्ये लिंग सांगत नाहीत. सोनोग्राफीत बघत पोटातून सुई घालून पाणी काढलं. इंजेक्शनापेक्षा फार जास्त दुखलं नाही, पण मी पूर्ण वेळ नवऱ्याचा हात सोडला नाही.

फिश नावाच्या जलद तपासणीचं उत्तर आधी आलं: २१ च्या प्रती दोनच. पेशी वाढवून केलेला पूर्ण रिपोर्ट पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आला, बाळ माझ्यासारखं वाहक. १४ च्या दोन्ही प्रती एकाच पालकाकडून आल्या तर वेगळा आजार होऊ शकतो, म्हणून तीही तपासणी केली. ती ठीक निघाली. मुलगा आता चालतो, आणि बाय त्याला हाताला धरून अंगणात फिरवते. ती अंगणवाडीतून शाळेत गेली, तिचं बोलणं फिजिओ आणि स्पीच थेरपीने हळूहळू सुटतंय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा अशा मुलांची नोंद होते, पुढच्या उपचारांची चिठ्ठी मिळते. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांनी तिथे जरूर बोलावं.

राहिला माझा भाऊ. त्याची स्थळं बघणं चालू आहे, आणि त्याने अजून रक्त दिलेलं नाही. वाहक पुरुषांत धोका कमी असतो हे त्याने माझ्याकडूनच ऐकलं आणि तेवढंच धरून बसला आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय वाहक पुरुषांत कधी शुक्राणूंची संख्याही कमी असते, हेही मी त्याला सांगितलं. माझ्या, आईच्या आणि बायच्या रिपोर्टची झेरॉक्स त्याच्याकडे देऊन ठेवली आहे. लग्न ठरायच्या आधी तपास, म्हटलं, आणि जिच्याशी ठरेल तिला तूच सांग. पुढच्या महिन्यात कणकवलीला जाऊया म्हणाला आहे. मी सोबत जाणार, आणि नळीचं बूच हिरवं आहे ना ते आधी बघणार.